पहिल्या शिफ्टची नदी

चाकणच्या माणसाला नद्यांची वानवा नाही. वरच्या अंगाला भामा आणि भीमा, खालच्या अंगाला इंद्रायणी, ती ओलांडली की पवना, तिच्यापलीकडे मुळा. यांतल्या बऱ्याचशा नद्या आम्ही पुलावरून, गाडीच्या काचा वर करून बघतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस चढला की त्याचे फोटो पेपरात येतात. पवनेवर जलपर्णी अशी माजते, की परगावच्या पाहुण्याने एकदा महापालिकेच्या लॉनचं कौतुक केलं होतं. त्यामुळे ‘सगळ्यांनी नदीत उतरायला जाऊ या’ असा प्रस्ताव आमच्या घरात आला, तेव्हा पहिली चौकशी धनुर्वाताच्या इंजेक्शनची झाली.

प्रस्ताव लेकीचा होता. बारावीची परीक्षा संपली की मुलांना घराबाहेर काढावं लागतं, नाहीतर ती घरातल्यांना बाहेर काढतात. तिने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला: कोलाड, कुंडलिका नदी, निळी रबरी बोट, त्यात हेल्मेट घातलेली माणसं आणि समोरून येणारं पांढरंशुभ्र पाणी. त्याखाली सासूबाईंनी दोन्ही हात जोडल्याचं चित्र टाकलं. होकार आहे की नमस्कार, ते कोणालाच कळलं नाही. नियमाप्रमाणे तो होकार धरण्यात आला.

मग तारखेचा प्रश्न. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखानदारीत आठवड्याची सुट्टी गुरुवारची. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाले. त्यांच्या मते रविवार हा बँकवाल्यांचा आणि शाळामास्तरांचा वार. आमच्या ह्यांची कंपनी चाकण एमआयडीसीत आणि सुट्टी रविवारी. नणंदेचे यजमान हिंजवडीला, त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. पण ते उरलेले पाच दिवसही घरीच दिसतात. शेवटी मे महिन्यात ह्यांच्या कंपनीचं मेंटेनन्स शटडाऊन लागलं आणि अण्णांचा गुरुवार विजयी झाला. या विजयाची किंमत दुपारच्या जेवणात मोजावी लागणार आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

गाडी ठरवली ती टेम्पो ट्रॅव्हलर, एरवी कंपनीच्या माणसांची ने-आण करणारी. पुढच्या काचेवर ‘ऑन ड्यूटी’ची पाटी तशीच होती. ड्रायव्हरने पहाटे चारला दारात येऊन सवयीने दोनदा हॉर्न दिला आणि समोरच्या बिल्डिंगमधले दोन अनोळखी तरुण डबे घेऊन आत येऊन बसले. त्यांना उतरवण्यात थोडा वेळ गेला. पण त्या वेळी निघण्यावाचून इलाज नसतो; उशीर झाला की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला होतं. १६६० साली शाहिस्तेखान चाकणच्या संग्रामदुर्गापुढे ऐन पावसाळ्यात अडकून पडला होता. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी त्याला दाद दिली नाही. इतिहासात तो आमचा शत्रू. पण संध्याकाळी तळेगाव चौकात गाडी बंद करून बसलं की मला तो आपल्यातलाच वाटू लागतो.

सामानाचं सांगायचं, तर पॅकेजमध्ये चहा, पोहे आणि जेवण धरलेलं होतं. ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या ‘असू दे की’ म्हणाल्या आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, लसणाचं तिखट, चकल्या आणि दोन डझन केळी गाडीत चढली. गाडीने मोशीला इंद्रायणी ओलांडायच्या आत पहिला डबा उघडला गेला.

पुढच्या सीटवर आजी. आजी म्हणजे अण्णांच्या आई, वय शहाऐंशी, माहेर मुळशीकडचं. पौड मागे पडलं तसा तिचा आवाज चढू लागला. मुळशीचं धरण दिसल्यावर तिने गाडी थांबवायला लावली आणि खाली न उतरताच काचेतून पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ही आमची मुळा. पुण्याला द्यायची ठरलेली पोर, ऐनवेळी कोकणात दिली.”

मला हे बोलणं आधी नेहमीचं आजीचं वाटलं. पण ते अगदी काटेकोर निघालं. मुळा मुळात पूर्ववाहिनी. तिने वाकडवरून, सांगवीवरून जायचं, दापोडीला पवनेला घ्यायचं, पुण्यात मुठेला मिळायचं, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. कड्यावरून ते नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं. भिरा सुरू झालं १९२७ साली. त्याआधी, १९२१ मध्ये, जमिनी पाण्याखाली जाणाऱ्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. आजीच्या वडलांनी त्यांना लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे आमच्या घरात सेनापती बापटांचा उल्लेख ओळखीतल्या माणसासारखाच होतो. भिऱ्याला वीज तयार करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं.

म्हणजे आमच्याच पंचक्रोशीतून वाहायचं पाणी घाटाखाली पळवलेलं आणि आम्ही गाडी करून, माणशी पैसे भरून, ते बघायला चाललेलो.

ताम्हिणी उतरेपर्यंत जावईबापूंचं ऑफिस चालू होतं. ते ‘लॉग-इन’ होते. घाटात रेंज गेली, तेव्हा एका मीटिंगमध्ये त्यांचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला. त्यांच्या साहेबांनी तो विचारमग्न समजून त्यांना नवी जबाबदारी दिल्याचं नंतर कळलं. दरम्यान, भिऱ्याचा तापमानाचा मोठा लौकिक असल्याची माहिती त्यांनीच पुरवली. २०१७च्या मार्चमध्ये तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती म्हणे. ही माहिती मे महिन्यात, एसी बंद ठेवून घाट उतरणाऱ्या गाडीत देण्याची गरज नव्हती.

कोलाडच्या त्या कॅम्पवर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, टेबलामागे एक हसतमुख पोरगा आणि टेबलावर फॉर्मचा गठ्ठा. चौदा वर्षांखालच्यांना बोटीत प्रवेश नाही, साठीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला. आमच्या चिरंजीवांना चौदा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. आजी पुढे सरसावली. “पोटातले नऊ महिने धरा की. तेव्हा काय तो नव्हता?” पोरगा क्षणभर खरोखर विचारात पडला, पण त्याने नियम सोडला नाही. चिरंजीव तोंड फुगवून झाडाखाली जाऊन बसले.

अण्णांचा दाखला तयार होता. दाखल्याबरोबर ईसीजी, टूडी एको, साखर आणि कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट, सगळे तारीखवार लावलेले, प्लॅस्टिकच्या फायलीत. पोरग्याने फक्त जन्मतारीख विचारली. एक जून. आमचे शेजारी एक जून, अण्णांच्या टूलरूममधले निम्मे एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्या दिवशी महाराष्ट्राची एक अख्खी पिढी जन्माला घातली, तो दिवस. “तू श्रावणातला आहेस,” आजीने तिथेच जाहीर केलं. अण्णांनी फाईल मिटली.

फॉर्मवर एक रकाना होता: अपघात घडल्यास कळवायचं नातेवाइकाचं नाव व फोन. ह्यांनी माझं नाव लिहिलं, मी ह्यांचं. नणंदेने जावयांचं, जावयांनी नणंदेचं, दिरांनी अण्णांचं, अण्णांनी दिरांचं. पोरग्याने गठ्ठा चाळला आणि अदबीने म्हणाला, “काका, तुम्ही सगळे एकाच बोटीत आहात.” काठावर राहणाऱ्यांत आमचे फुगलेले चिरंजीव आणि नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा, दोघंही बिनफोनचे. जाऊबाई मुलांना घेऊन माहेरी गेलेल्या. उरली आजी. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, तो ती कधी उचलत नाही. पण आठही फॉर्मवर शेवटी तिचाच नंबर पडला.

आजीने ही संधी साधली. “पाणी आमच्या माहेरचं आणि पैसे तुम्ही घेणार?”

“आजी, पाणी फुकटच आहे,” पोरगा म्हणाला. “पैसे लाइफ जॅकेटचे.”

यावर आजीला उत्तर सुचलं नाही, हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा चमत्कार.

नदीवर पोचलो तर नदी नव्हती. म्हणजे पात्र होतं, दगड होते, दगडांमधून घोट्याएवढं पाणी होतं. मे महिन्यात सह्याद्रीतल्या नद्यांचं जे होतं, तेच. शंभरेक माणसं नारिंगी जॅकेटं घालून त्या दगडांकडे बघत उभी. गाईड नेपाळचा, हिंदी बोलणारा. त्याने सांगितलं, पाणी अजून सुटायचंय.

हे ऐकून अण्णांची कळी खुलली. हृषीकेशला गंगेत बोटी चालतात त्या हिमालयाच्या मर्जीवर. बर्फ वितळेल तसं पाणी. इथला कारभार वेगळा. मुंबईत एसी, पंखे, लोकल सुरू झाल्या की विजेची मागणी चढते, भिऱ्याची चक्रं फिरतात आणि मग कोकणातली नदी कामाला लागते. वरून पाऊस पडो न पडो, नदी रोज सकाळी हजर. “फर्स्ट शिफ्ट,” अण्णा म्हणाले. आयुष्यभर कार्ड पंच केलेल्या माणसाला आपल्याच जातकुळीतली नदी पहिल्यांदा भेटत होती. त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं आणि मधल्या एका काळ्या दगडावर नजर लावली. दगडावर एक पाखरू शेपटी हलवत बसलेलं. आधी दगडाची कड ओली झाली. मग कमरेपर्यंत पाणी आलं. पाखरू उडालं. मग दगडाचा नुसता माथा, मग त्या जागी एक वळसा, मग तेही नाही. आवाज मात्र वाढत गेला.

“दोन मिनिटं लेट,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनीच सवलत दिली. “चालेल. लांबून येते.”

पुढच्या वळणावर पाणी खडकांवरून उसळून पांढरं होत होतं. ते पाहून भाच्याने माझा हात ओढला. “मामी, इथं पण कंपनी आहे?”

मी म्हटलं, नाही रे, पाण्यात हवा मिसळली की ते असं पांढरं दिसतं. त्याला ते पटेना. मोशीत राहणारा मुलगा तो. पांढरं पाणी कशाने होतं हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. “मग वास का येत नाही?” त्याने विचारलं. दीर म्हणाले, पुढे रोह्याला धाटावची एमआयडीसी आहे, तिथे चौकशी करू.

मग तयारी. आमचे हे क्वालिटीत आहेत. त्यांनी आठही जॅकेटांचे पट्टे ओढून बघितले, हेल्मेटच्या आतलं लेबल वाचायचा प्रयत्न केला आणि एक हेल्मेट रिजेक्ट केलं. अण्णांनी बोटीवर टिचकी मारली.

“प्रेशर किती ठेवता?”

“टाइट है, अंकलजी.”

“टाइट हे मेजरमेंट नाही.”

गाईड हसला. त्याने बोटीवर स्वतः उडी मारून दाखवली, तेव्हा अण्णांनी ‘कंडिशनल’ मंजुरी दिली. सासूबाईंनी लेकीची ट्रॅकपँट घातली होती, आयुष्यात पहिल्यांदा. दागिने काढून ठेवा म्हटल्यावर त्यांनी बांगड्या काढल्या, कुड्या काढल्या आणि मंगळसूत्रापाशी थांबल्या. गाईड काही बोलायच्या आत त्यांनी ते जॅकेटच्या आत सरकवलं आणि ट्रॅकपँटला लावलेली सेफ्टी पिन काढून आतल्या कापडाला टाचून टाकलं. मग पँट कशाच्या आधारावर राहिली, ते मला दिवसभर कळलं नाही.

बसण्याचा प्रश्न निघाला. रबरी बोटीत आत बसायचं नसतं, कडेच्या फुगीर नळीवर बसायचं आणि पाय आतल्या नळीखाली खुपसून स्वतःला अडकवून घ्यायचं. “आत एवढी जागा मोकळी असताना काठावर कशाला?” हा सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. एसटीतून प्रवास केलेल्या कोणत्याही माणसाला तो पडेल. गाईडने वल्ह्याची टोकाची मूठ अंगठ्यात कशी धरायची ते दाखवलं. ती सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात म्हणे. हे ऐकून प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे नव्याने पाहिलं.

“आगे दो स्ट्राँग लोग,” गाईड म्हणाला. आमच्या घरात पुढची जागा ताकदीवर ठरत नाही. “जावयांना पुढे बसू द्या,” सासूबाई म्हणाल्या. जावई नको नको म्हणत होते, ते सगळ्यांनी संकोच समजून ऐकलं नाही. त्यांच्या जोडीला दीर. पहिल्याच उसळीत समोरची लाट अख्खी जावयांवर आली आणि मागे आम्हाला मानाचे चार शिंतोडे मिळाले.

आता हुकूम. ‘फॉरवर्ड’ म्हणजे वल्हवायचं, ‘स्टॉप’ म्हणजे थांबायचं, ‘गेट डाऊन’ म्हणजे आत बसून दोरी धरायची. तीनच शब्द, पण आमच्या बोटीला अधिकारी तीन होते. गाईड मागून ‘फॉरवर्ड’ म्हणायचा, अण्णा मधून ‘सावकाश’ आणि आमचे हे ‘डावी बाजू, सिंक्रोनाइज करा’. बोट खडकाकडे तोंड करून गोल फिरली. “अंकलजी, सिर्फ मेरा सुनना!” गाईड ओरडला. अण्णांना असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता बोलणं वाढणार. पण अण्णांनी मान डोलावली आणि त्या क्षणापासून ते जे बोलले नाहीत, ते थेट जेवायलाच बोलले. लाइनवर कोणाचं ऐकायचं, हे त्यांना कळतं.

त्या बारा-एक किलोमीटरांत उसळ्या किती लागल्या, हे मला सांगता येणार नाही, कारण बऱ्याचशा मी डोळे मिटून काढल्या. लेक किंचाळत होती, ती आनंदाने. नणंद किंचाळत होती, ती जावयांच्या नावाने. सासूबाईंचं काहीतरी स्तोत्र चालू होतं. पहिल्या मोठ्या उसळीनंतर ते थांबलं आणि त्यांनी विचारलं, “एवढंच?” त्या स्वरात बिघडलेल्या पदार्थाबद्दलची नापसंती होती. संथ पाणी लागल्यावर गाईडने ज्यांना हवं त्यांनी उतरून तरंगा म्हटलं. दीर-भावजय, बाप-लेक एकमेकांकडे बघत असताना मागे धप्प आवाज झाला. सासूबाई पाण्यात होत्या. पाठीवर, हात पसरून, डोळे आकाशाकडे. अण्णांनी तोंड उघडलं, गाईडकडे पाहिलं आणि मिटलं.

जावई पडले ते मात्र याच संथ पाण्यात. सगळ्या उसळ्या त्यांनी पहिल्या रांगेत बसून निभावल्या आणि शांत डोहात फोटोसाठी मागे वळताना कलंडले. गाईडने त्यांना जॅकेटच्या खांद्यांना धरून एका झटक्यात आत ओढलं. ते पालथे पडले, ते थेट अण्णांच्या पायांवर. लग्नात वाकून झालं होतं तेवढंच. त्यानंतर जावईबापू सासऱ्यांच्या पाया पडल्याची ही पहिलीच नोंद. अण्णांनी सवयीने आशीर्वाद दिला.

उतरायच्या जागी आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. दोन्ही पोरं तिच्या पायाशी पाण्यात. तिने ड्रायव्हरला पुढे घालून गाडी आमच्याआधी आणवली होती.

“कसं आहे पाणी?” तिने सुनेला विचारलं.

“गार.”

“मुळशीचं गारच असतं.”

मग जेवण. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, तळलेले मासे. ताटं मांडली जात असताना सासूबाईंना वार आठवला. गुरुवार. अण्णा गुरुवारी खात नाहीत, म्हणून सासूबाई खात नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर दीर खात नाहीत, म्हणून आमचे हे खात नाहीत. जावई खातात, पण सासरच्या पंगतीत एकट्याने कसं खायचं? रश्श्याचं पातेलं आमच्यासमोरून शेजारच्या टेबलावर गेलं आणि त्याच्यामागोमाग जावयांची नजर गेली. आम्ही वरण-भात घेतला. दशम्या आणि ठेचा निघाला, केळी निघाली. “बघ, म्हणून घरचं बरोबर घ्यायचं,” सासूबाई मला म्हणाल्या. अण्णा खाली मान घालून जेवत होते. गुरुवार त्यांचाच होता.

हे सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा फोन वाजू लागला. त्या टेबलावरच्या पोरग्याने आजीचा नंबर अपघाताच्या रकान्याबरोबर गिऱ्हाइकाच्या रकान्यातही घातला होता, आणि त्यांच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा अभिप्राय घ्यायची पद्धत होती. एरवी फोन न उचलणाऱ्या आजीने आठही उचलले. पाचपैकी किती गुण, असा प्रश्न. लेकीच्या नावाने तिने पाच दिले. अण्णांच्या नावाने तीन, ‘तो दोन मिनिटं कापणार.’ सुनेच्या नावाने पाच, ‘पण बोट लवकर संपते.’ माझ्या नावाने चार. का, ते मी विचारलेलं नाही. जावयांचं आलं तेव्हा म्हणाली, “त्यांना मांसाहारी वारी बोलवा आणि मग विचारा.”

शेवटच्या फोनला पलीकडच्या मुलीने काही सूचना आहे का, म्हणून विचारलं.

“आहे ना,” आजी म्हणाली. “पाणी वापरून झालं की परत वर मुळशीला पाठवत जा.”

मुलगी हसली असणार. अण्णा हसले नाहीत. त्यांनी रात्री बसून शोधलं होतं. भिऱ्याला दीडशे मेगावॉटचा एक संच खरोखरच असा आहे, की उलटा फिरवला तर खालचं पाणी पुन्हा मुळशीच्या तलावात चढवतो. ही माहिती त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात, दार लोटून, हळू आवाजात दिली आणि आजीला सांगायची नाही म्हणून शपथ घातली. तिला कळलं तर ती रोज फोन करून विचारेल, आज किती पाठवलं म्हणून. आणि नंबर तिच्या फोनमध्ये आठ वेळा आहे.